तांबडी कड

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी नाना खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावत. चपला दाराशी काढायच्या, रेक्झिनची पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची आणि उजव्या हाताची चार बोटं गजावर टेकवून क्षणभर उभं राहायचं. मग सुस्कारा सोडून म्हणायचे, "थकी गऊ भाऊ." आणि त्याच दमात पुढचं, "चकती कोठे जास नही. आधी वायर देखा."

चकती म्हणजे हार्ड डिस्क. ती गेली, सगळं पुसलं गेलं, असं म्हणून लोक डोक्याला हात लावून बसलेले असत. नानांच्या मते ती सहसा जात नाही. तिच्यापर्यंत जाणारा वायरचा चपटा पट्टा कुठेतरी सैल झालेला असतो. दहापैकी नऊ वेळा त्यांचं खरं ठरे आणि आम्ही उगीच रडलो म्हणून आम्हालाच लाजल्यासारखं होई.

मी तेव्हा जळगावात डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्यात कारकून होतो. नव्वद सालानंतरची ही सहा-सात वर्षं. नाना धुळ्याचे. आधी रेडिओ दुरुस्त करत. रेडिओ ऐकणारे कमी झाले तेव्हा उतारवयात कॉम्प्युटर शिकले. महिन्यातून एकदा पहाटेच्या एसटीने निघून पारोळा, एरंडोल करत दहाच्या सुमाराला आमच्याकडे यायचे. आमच्यानंतर कधी जामनेर, कधी सावदा, कधी चोपडा. त्या वयात त्या गाड्यांतून हाडं खिळखिळी करून घेत हा माणूस फिरायचा कसा, याचं मला नवल वाटे. नवल वाटण्यापलीकडे मी काही केलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही माझ्याबद्दल भलता समज करून घेणार नाही. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नाना वर्षानुवर्षं येत होते, त्यांचे डोळे जात होते आणि आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गजाला हात लावण्याचा अर्थ आम्हाला बरेच दिवस कळला नव्हता. आमच्या आयाबाई म्हणायच्या, खिडकीतून पलीकडच्या मारुतीचा कळस दिसतो, त्याला नमस्कार करतात. शेवटी मीच विचारलं. नाना म्हणाले, "आंगनी वीज आधी लोखंडले देवानी, मंग मशीनले हात लावाना. नही तं आपलाच झटका तिले बससे." ते सांगून झाल्यावर कळसाकडे बघून त्यांनी एक नमस्कारही करून टाकला. आयाबाईंचं मन कशाला मोडा!

दुपारी ते भाकरी सोडत. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. आग्रह करून मला अर्धी देत. आम्ही जळगावकर त्यांच्या अहिराणीतल्या 'शे'ची आणि 'बठ्ठा'ची थट्टा करायचो. सगळं ठीक आहे का, असं मुद्दाम विचारायचं. ते मुकाट्याने म्हणायचे, "बठ्ठं ठीक शे." आम्ही हसायचो. त्यांना ते कळत होतं, पण वाद घालायचाही त्यांना कंटाळा होता.

दारातून येताना त्यांचा खांदा चौकटीला लागे. बाजूला ठेवलेला चहा हमखास सांडे. आयाबाई पुसता पुसता करवादत, "नाना, बघून तरी हात फिरवा की हो." नाना म्हणत, "थकी गऊ बाई." तेवढ्यावर ते भागत असे. थकलेला माणूस धडपडतो, त्यात काय बघायचं? आम्हीही थकलेलेच होतो. शिबिरांचे दिवस आले की आमच्याकडे रात्र थोडी सोंगं फार अशी गत व्हायची.

त्यांची पिशवी ज्या खिळ्याला लटके, त्याच खिळ्यावर काचबिंदूचा तक्ता टांगलेला होता. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने दिसणं कमी होत जातं, वेळेवर तपासून घ्या, असं त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं. पिशवी अडकवली की त्यातली अर्धी अक्षरं झाकली जायची.

आणि हो, दोरा. आमच्या मशीनच्या आत त्या चपट्या पट्ट्याच्या एका कडेला नानांनी काळ्या दोऱ्याची गाठ मारून ठेवली होती. तीन वर्षं ती तिथे होती. आमचा समज असा, की मशीनला कोणाची नजर लागू नये म्हणून असेल. धंद्यातली माणसं असतात अशी, म्हणून मीही विचारलं नाही.

आता एका दसऱ्याबद्दल. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर आमची मोतीबिंदूची शिबिरं होत. एका हिवाळ्यात एक डोळा करायचा आणि दुसरा पुढच्या हिवाळ्यात, जीप पाठवून बोलावून आणून. कोणाचा कोणता डोळा झाला, कोण कुठल्या पाड्यावर राहतं, ही चारशेवर नावं मी कॉम्प्युटरात उतरवली होती. उतरवून झाल्यावर कागदी अर्ज मी रद्दीत घातले. कपाटात जागा नव्हती आणि कॉम्प्युटरात आलं म्हणजे पक्कं झालं असा माझा विश्वास होता. फ्लॉपीवर नक्कल काढायची, ती आज काढू, उद्या काढू म्हणून राहून गेली. डोकं माझंच, दोष दुसऱ्या कोणाला देत नाही.

दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली. आमचा कंपाउंडर भारी उत्साही. त्याचं म्हणणं, हळदकुंकू डब्याला लावून काय उपयोग, खरं यंत्र आत आहे. त्याने झाकण काढलं, आतली धूळ पुसली, फुलं वाहिली, अक्षता टाकल्या, सगळं काढून पुन्हा झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर इंग्रजीत आलं की हार्ड डिस्क सापडत नाही. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

दिवाळी झाली की जीप निघायची होती. त्या पाड्यांवर ना फोन ना पत्ता. यादी गेली म्हणजे एका डोळ्याने वर्षभर आमची वाट बघत बसलेली चारशे माणसं गेली, आणि ती मी रद्दीत घातलेली. धुळ्याला नानांच्या शेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला. तिसऱ्या दिवशी नाना आले. पिशवी खिळ्याला, बोटं गजाला.

"चकती कोठे जास नही," ते म्हणाले. पण त्या दिवशी मी ऐकून घेण्याच्या अवस्थेत नव्हतो. हे त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं असेल असं मला तेव्हा वाटलं.

त्यांनी झाकण काढलं आणि पट्टा चकतीत जिथे बसतो तिथे अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "एक बाजू उचलेल शे." मी वाकून पाहिलं, मला सगळं सारखंच दिसलं. त्यांनी पट्टा उपसला, ब्रशने आत झाडलं, आणि टेबलावर तांदळाचा एक दाणा पडला. कुंकू लागलेला.

कंपाउंडर दारात उभा होता. तो चपापून म्हणाला, "पुसताना पट्टा निघाला होता थोडा. मी दाबून दिला परत." एरवी मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण मला इतकं हलकं वाटत होतं, की मी त्यालाच चहा सांगायला पिटाळलं.

नानांनी पट्टा पुन्हा बसवला आणि मशीन सुरू केलं. पुढचा छोटा दिवा लागला तो लागूनच राहिला. लुकलुकेना. पडद्यावर तेच इंग्रजी वाक्य. "उलटी लागनी," नाना पुटपुटले. नानांच्या हातून पट्टा उलटा लागणं म्हणजे स्वयंपाकिणीने चहात मीठ घालण्यासारखं. मशीन बंद करून ते बराच वेळ पट्ट्याची कड चाचपत राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अठे दोरा बांधेल व्हता," ते म्हणाले.

"तो मळका दोरा ना? मी कापला," चहा सांगून परतलेला कंपाउंडर उत्साहाने म्हणाला. "साफसफाई करताना."

कंपाउंडर चहा आणायला गेला. बाहेर लख्ख ऊन होतं, खिडकीतून ते थेट मशीनच्या पोटात पडत होतं. पट्टा राखाडी, आणि त्याची एक कड तांबडी, पहिल्या नंबरच्या पिनेला ती कड लागली पाहिजे एवढंच तंत्र असतं. ती तांबडी कड कुंकवासारखी ढळढळीत दिसत होती. नानांनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "भाऊ, तांबडी कड कोणता आंगले शे, सांगा बरं."

मी सांगितलं. आवाज माझाच होता, पण तो कुठून आला ते कळलं नाही.

पट्टा बसला. दिवा लुकलुकला. चकतीने आपली घरघर सुरू केली आणि यादी आली. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. मी तिथल्या तिथे तीन प्रती छापल्या. छपाईयंत्राच्या त्या करकर आवाजात मी नानांना विचारलं, "केव्हापासून?"

"तीन-चार वरीस व्हयनात."

"अहो, मग सांगायचं नाही का? आम्ही इथे करतो तरी काय?"

"ज्याले दिसत नही, त्याना हातमा मशीन कोण दी, भाऊ?"

मी यादीच्या प्रती टेबलावरच ठेवल्या आणि उठलो.

त्यांचा हात धरून मी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू असू दे, असं मनात म्हणत होतो. मोतीबिंदू असता तर आठवड्यात मोकळे झाले असते. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं, दाब मोजला, दिवे बदलले. काचबिंदू निघाला. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात मधली बोटभर जागा उरलेली, तीही धूसर. डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "नाना, तुमचा डोळा वरून चांगला आहे. डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस सुकली आहे."

"म्हंजे चकती ठीक शे," नाना म्हणाले, "वायर गई."

"हो."

"बसाडता येस नही?"

"नाही नाना. ही नाही येत. थेंब देतो, आहे तेवढं टिकवू. तीन वर्षांपूर्वी आला असतात तर बरंच राखता आलं असतं."

तीन वर्षं. मला तो काळा दोरा आठवला. तीन वर्षं तो आमच्या डोळ्यांसमोर होता आणि आम्ही त्याला नजरेचा दोरा समजून झाकण लावत होतो. मी खोलीबाहेर येऊन बाकावर बसलो आणि मला रडू आलं. आयाबाई विचारायला लागल्या, यादी सापडली ना, मग रडता कशाला?

त्यानंतर नाना आणखी वर्षभर आले. मी कोणाला सांगितलं नाही. ते आले की मी माझं काम सोडून शेजारी बसायचो आणि बोलायचो, "उजवीकडे, नाना. आता तांबडी खाली." एकदा त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "डोया मिटा," म्हणाले. "आते हातले देखू द्या." डोळे मिटून तो पट्टा काढायला आणि बसवायला त्यांनी मला शिकवलं. चुकलो की फक्त "हं" म्हणायचे आणि पुन्हा करायला लावायचे. सातव्या वेळेला जमलं. नानांनी पिशवी उचलली. पट्ट्याच्या कडेला त्यांनी पुन्हा गाठ मारलेली होती, या वेळी दोन. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. माझ्या हातात विद्या देऊन ते मोकळे झाले होते, हे मला उशिरा कळलं. मला सगळं उशिराच कळतं.

काही वर्षांनी धुळ्याला एका लग्नाला गेलो, तेव्हा विचारत विचारत त्यांच्या घरी पोहोचलो. नाना खिडकीशी खाटेवर बसलेले होते. पावलं ऐकून म्हणाले, "कोण शे?" मी नाव सांगितलं.

"मशीन बंद पडनं का?"

"नाही नाना. सहज आलो."

त्यांच्या सूनबाईंनी चहा आणून बाजूला ठेवला. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला. मग त्यांनी विचारलं, "त्या यादीमातला बठ्ठासना दुसरा डोया व्हई गया का?"

खरं सांगायचं तर नाही. काही माणसं मजुरीला गुजरातेत गेली होती ती मिळाली नाहीत. काही वाट पाहून पाहून वारली होती. तरी मी म्हणालो, "बठ्ठासना झाला नाना." त्यांचाच शब्द घेतला. या वेळी मी हसलो नाही.

"मंग ठीक शे," नाना म्हणाले.

मी निघालो तसे ते उठले. म्हणाले, "जरा थांबा, तुमले देखी लेऊ द्या." त्यांनी आधी खिडकीच्या गजाला चार बोटं टेकवली. क्षणभर तशीच ठेवली. मग तोच हात माझ्या चेहऱ्यावर ठेवला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश फिरवला.

"तुम्ही बी थकी ग्यात, भाऊ," ते म्हणाले.

मी त्यांना तो हात बराच वेळ तिथून काढू दिला नाही.