उष्ट्या बाटलीतला वऱ्हाड स्ट्रेन

सरांनी नकाशात आठवी लाल टाचणी टोचली, दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "सापडला! हा आपला वऱ्हाड स्ट्रेन."

मी म्हणाले, "सर, चहा मागवू?"

त्या आठ टाचण्या कशामुळे लागल्या, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

मी तेव्हा अमरावतीच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत टीबीच्या जंतूच्या किती जाती, म्हणजे स्ट्रेन, फिरतात, ते शोधायचा प्रोजेक्ट होता. टीबीचा जंतू सगळीकडे सारखा नसतो. त्याच्या डीएनएत एका ठिकाणी त्रेचाळीस छोटे तुकडे तपासतात. तुकडा असला की पट्टीवर काळा ठिपका, नसला की जागा रिकामी. बिस्किटाच्या पुड्यावर रेघा असतात ना, तसंच. दोन पेशंटांचे ठिपके तंतोतंत जुळले, तर एकाकडून दुसऱ्याला लागण झाली असावी असा संशय घ्यायचा.

तोवर आमचे ठिपके आठवडी बाजारासारखे यायचे, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. आणि अचानक एका बॅचमध्ये आठ जण जुळे भाऊ निघाले. पातूरचे सत्तारभाई टेलर, अकोल्याच्या जठारपेठेतली एक शिक्षिका, मोझरीचे भजनी आजोबा आणि आणखी पाच. एकानं दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही.

सत्तारभाईंच्या थुंकीत जंतू खच्चून होते. बाकी सात जणांच्या थुंकीत मायक्रोस्कोपखाली काहीच दिसलं नव्हतं. फक्त कल्चर, म्हणजे नळीत वाढवलेले जंतू, पॉझिटिव्ह आलं होतं. सरांनी एका दुपारात थिअरी तयार केली.

"टेलर! गिऱ्हाइकाच्या गळ्याशी टेप धरतो. श्वास थेट तोंडावर!"

"सर, मोझरीचे आजोबा पातूरला कधी गेलेच नाहीत."

"पोस्टानं कपडा पाठवला असेल."

सर पुण्याचे. त्यांच्या शंका संपल्या की त्या कायमच्या संपत.

आता माझं सांगते. थुंकीचा नमुना आला की त्यात आधी सोडा घालतात, इतर जंतू मारायला. मग सोडा धुऊन काढायला प्रत्येक नळीत बफर नावाचं पाणी ओततात. आमच्याकडे ते एकाच मोठ्या बाटलीतून ओतायचो. नियम एकच. बाटलीचं तोंड नळीला लागता कामा नये. आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात ना, लोटा तोंडाला लावायचा नाही, पाणी वरून प्यायचं? अगदी तेच.

त्या शुक्रवारी चार वाजता मला पाहायला अकोल्याचा मुलगा येणार होता. तीन वाजले होते. पहिली नळी सत्तारभाईंची. हात घाईत, आणि टिक्. काचेवर प्लॅस्टिक वाजलं. मी ऐकलं. बाटली फेकून नवी घ्यायला हवी होती. पण नवी निर्जंतुक करायला तासभर लागला असता. मी पुढच्या सात नळ्या त्याच बाटलीतून भरल्या आणि घरी पळाले.

मुलगा मला नापसंत करून गेला. जंतूंना मात्र सातही नळ्या पसंत पडल्या. कल्चर उगवायला दीड महिना लागतो. तेवढे दिवस मी तोंडातून अक्षर काढलं नाही. वाटलं, नसेल काही उगवत.

टेलरची थिअरी पक्की करायला आम्ही जीपनं पातूरला, सत्तारभाईंच्या दुकानी पोचलो. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. त्या वर्षांत वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या सरकारी मदत पॅकेजसाठी रोज कोणी ना कोणी सर्व्हेला यायचंच. दुकानासमोर लगेच पंधरा माणसं.

"कोन्त्या पॅकेजचं हाय?" एकानं विचारलं.

"पॅकेज नाही, क्षयरोग," सर मोठ्यानं म्हणाले. "या दुकानातून पसरल्याचा संशय आहे."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा एक शांताबाई पायरीवर उभ्या होत्या.

"सत्तारभाऊ, माह्या पोरीचं ब्लाउज द्या वापस."

"अजून शिवलं नाही, वहिनी."

"न शिवलेलंच द्या!"

मग दुसरी, मग तिसरा. तोंडावर लग्नसराई होती. कापडांनी भरलेली फळी माझ्यासमोर रिकामी होत गेली. सत्तारभाई प्रत्येकाचं कापड नीट घडी घालून देत होते, मापाच्या चिठ्ठीसकट.

"काहून आले ताई तुमी?" त्यांनी मला हळूच विचारलं. "मी दवाई बराबर घेऊन राहिलो. डाक्टर म्हन्ते, आता माह्यापासून कोनाले धोका नाही."

त्यांना खोकला आला. त्यांनी पितळी लोटा उचलला, मान मागे केली आणि वीतभर उंचीवरून पाणी ओतून प्यायले. एक थेंब ओठावर नाही, काठ दाताला नाही.

"बीमारी समजली तवापासून लोटा जूठा नाही करत मी. घरात नातवं हायेत."

तिथे माझं अवसान संपलं.

"सर, बाटली उष्टी झाली होती."

"कोणती बाटली?"

"बफरची. यांच्या नळीला लागली. त्याच बाटलीतून बाकीच्या भरल्या. त्या सात जणांचा यांच्याशी काही संबंध नाही."

तीन महिने मी लोकांना डीएनए समजावून सांगत होते. कोणाला कळला नव्हता. उष्टी बाटली सगळ्या दुकानाला एका दमात कळली.

"म्हंजे," शांताबाई म्हणाल्या, "भाऊची बीमारी या बाईनं वाटली? गणपतीच्या प्रसादावानी?"

"माणसांना नाही हो, नळ्यांना!"

"आन् वरतून तोंडाले फडके बांधून आले सारे!"

सगळ्यात आधी सत्तारभाई हसले. सर हसले नाहीत. त्यांचा स्ट्रेन भर बाजारात वारला होता.

सातही जणांचे नवीन नमुने घेतले. त्यांची औषधं सोमवारी सुरू व्हायची होती, ती थांबवली. सहा जणांना टीबी नव्हताच. मोझरीच्या आजोबांना होता, पण स्वतःचा. ठिपके कोणाशीही जुळेनात. सरांनी टाचण्या काढल्या, भिंतीला आठ भोकं राहिली. लॅबमध्ये तेव्हापासून प्रत्येक नळीला बफरची वेगळी छोटी बाटली.

सरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'अनवधानाने झालेली सरमिसळ'. मी सही केली. अनवधान नव्हतं. मी टिक् ऐकलं होतं. हे आज, पन्नाशीत, पहिल्यांदा लिहिते आहे.

शांताबाई ब्लाउजचं कापड घेऊन परत आल्या. सगळी गिऱ्हाइकं आली नाहीत. खोटी बातमी जीपनं गेली होती, खरी पायी निघाली. मी लॅबचे सगळे अॅप्रन सत्तारभाईंकडे शिवायला दिले. माझ्या अॅप्रनची उजवी बाही दोन बोटं आखूड आली.

"सत्तारभाई, माप चुकलं."

"चुकलं नाही, ताई. हात बाटलीकडे गेला का या बाहीवर नजर पडन."

नवीन मुलींना मी नियम फार सांगत नाही. ती बाही दाखवते आणि म्हणते, टिक् ऐकू आलं तर घड्याळ बघायचं नाही.