यंत्राने लावलेला पत्ता

माझ्या कथेतल्या गुप्तहेराकडे एक यंत्र होतं, आणि तसलं यंत्र परदेशात निघालंय असं मी आईला सांगून बसलो. थाप मारायची काही गरज नव्हती. पण दिवाळी अंकात कथा छापून आलेली, बायको ती मोठ्याने वाचतेय, आई ऐकतेय. अशा वेळी माणूस जरा फुगतो. कथा पुढच्या शतकातली. हरवलेल्या माणसाचा अंगावरचा कपडा यंत्रात घातला, की वासावरून तो कुठे आहे ते पडद्यावर दिसायचं. लेखकाला स्वतःचा चष्मा शोधायला बायको लागते, हा भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघालो, तर आईने ट्रंकेतून दादाचा शर्ट काढून माझ्यासमोर धरला.

"हो चलात काय? धुवूक नाय मिया."

दादा, माझा थोरला भाऊ, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. संप दुसऱ्या वर्षात गेला, तसा "सुरतेला साचे चालू आहेत, बघून येतो" म्हणून लालबागच्या आमच्या खोलीतून निघाला, तो गेलाच. मागोमाग मी सुरतेला जाऊन त्याचा फोटो दाखवत गल्ल्या फिरलो. रिकाम्या हाताने घरी कसं यायचं, म्हणून मिठाईचा पुडा आणला. आयुष्यातला माझा खराखुरा तपास तेवढाच. पुडा कुणी सोडला नाही.

शर्टाच्या कॉलरीत अजून कापसाचं तूस होतं.

आई खुळी नव्हती. गोष्ट कुठली आणि खरं कुठलं हे तिला माझ्यापेक्षा बरं कळायचं. तरी शर्ट धरलेला हात ती खाली घेईना. थाप होती असं सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "यंत्र आपल्याकडे यायला वेळ लागेल गं."

मग वाटलं, आपण लेखक ना, मग आपणच का शोधू नये? पुढच्या कथेत माझ्या गुप्तहेराने हरवलेला एक गिरणी कामगार शोधून काढला. समुद्राकाठी घर, स्वतःचे दोन माग, बायको, शाळेत जाणाऱ्या मुली. मी त्याला काही कमी पडू दिलं नाही. छापायला धाडण्याआधी आईला स्वतः वाचून दाखवली. शेवटचा परिच्छेद मलाच आवडला, म्हणून दोनदा वाचला.

आई वाटाणे सोलत ऐकत होती.

"बरो आसा मा तो?"

"बरा आहे की."

"हात-पाय धड आसत?"

"सगळं धड आहे, आई."

"मगे घराक कित्याक येणा नाय?"

तो घरी का येत नाही, ते बघायला मी पानं मागे उलटली. गुप्तहेराने तेवढं शोधलं नव्हतं.

आईने उरलेले वाटाणे सोलले. मग उठून शर्ट बादलीत भिजत घातला, साबण लावून चोळला. दादाचं नाव तिने त्यानंतर काढलं नाही.

 जेवणं झाल्यावर ताटं उचलताना बायको म्हणाली, "पत्ता लावायचा होता, तर नुसता लावायचात. भावोजींना एवढं सुखी कशाला केलंत?"