डाव्या दंडावरचा सेन्सर

आठपैकी सहा दिवस सावंतांची शुगर दुपारी दोननंतर पंचावन्नच्या आसपास दिसत होती. सत्तरच्या खाली गेली की आम्ही तिला ‘लो’ म्हणतो. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. सावंत स्कूलबस चालवतात आणि तीन वाजता मुलांना सोडायला निघतात.

“मी फिटनेस सर्टिफिकेट देणार नाही,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. शाळेला ते सोमवारी हवं होतं. त्याशिवाय सावंतांना गाडी मिळणार नव्हती.

मी विक्रोळीच्या या क्लिनिकमध्ये डायबेटीस एज्युकेटर आहे. इन्सुलिन कसं घ्यायचं, काय खायचं, हे पेशंटला शिकवते. सेन्सर मीच लावला होता. नाण्याएवढी चकती दंडाला चिकटते, चौदा दिवस राहते आणि शुगरचा आकडा सतत मोबाईलवर पाठवते. सावंत ती फुल शर्टाखाली लपवत. बाकीचे ड्रायव्हर विचारायचे, “काय रे, तुला चार्जिंगला लावलाय?”

“मला चक्कर नाही, काही नाही. मशीन खोटं बोलतंय,” सावंत म्हणाले.

असं बरेच पेशंट म्हणतात. मी विचारलं, “लो झाल्यावर अलार्म वाजत नाही?”

“वाजतो ना. झोपमोड होते म्हणून बंद केला.”

“दुपारी झोपता?”

“जेवल्यावर थोडा वेळ, बसच्या मागच्या सीटवर. वामकुक्षी. डाव्या कुशीवर पडलं की जेवण जिरतं, आमचा बापूस सांगायचा.”

सेन्सर डाव्या दंडावर होता. तो रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो. अंगाखाली दाबला गेला की आकडा उगाच खाली येतो. हे मला माहीत होतं. विचारायचं मात्र राहिलं होतं.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “अंदाजावर मी बसमध्ये मुलं बसवणार नाही. बोटाचं रक्त तपासून आण.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नाहूरला, त्यांच्या उभ्या बसमध्ये गेले. सावंत डाव्या कुशीवर आडवे. मोबाईलवर सत्तावन्न, बोटाच्या रक्तात एकशे एकवीस. उठून बसल्यावर वीस मिनिटांत मोबाईलही एकशे सोळावर आला. पुढचे दोन दिवस ते उजव्या कुशीवर झोपले. आकडा पडला नाही. शनिवारी मॅडमनी सही केली.

“आता कूस कायमची बदला,” मी म्हटलं.

“पन्नास वर्षांची सवय आहे, मॅडम. तुम्ही हात बदला.”

पुढचा सेन्सर उजव्या दंडावर लावला. तेव्हा मी आधीच्या सेन्सरच्या ग्राफवर रोज सकाळी अकराला चढणारी रेष दाखवली.

“तिथेपण दाबला गेला असेल,” सावंत म्हणाले.

“दाबल्यावर आकडा पडतो, सावंत. चढत नाही.”

त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली. “वडापाव,” म्हणाले.

सेन्सर लावण्याच्या फॉर्मवर मी आता एक ओळ वाढवली आहे: दुपारी झोपता का, आणि कुठल्या कुशीवर? वडापावचा प्रश्न आधीपासून होता. सावंतांनी तिथे ‘नाही’ लिहिलं होतं.