मेकफाईलमधल्या आबांच्या ओळी

मोहनराव गावडे, म्हणजे आमचे आबा, यांना मी प्रथम पिंपळीत आमच्या घरी पाहिले. माझा धाकटा भाऊ सुहास बारामतीला त्यांच्या कार्यालयात लागला, त्या आठवड्यात ते आमच्या आईला भेटायला आले होते. पुढे मीही तिथेच शेतकऱ्यांचे फोन घेण्याच्या कामावर लागले; मला सगळे सुनंदाताई म्हणतात.

ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा आणि बंद करणारा प्रोग्राम आम्ही बनवतो. तो तयार व्हायला कोणत्या फाईली लागतात, ते मेकफाईल नावाच्या एका फाईलमध्ये लिहावे लागते. त्यात एखादे नाव राहिले, तर प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर तयार होतो आणि दुसरीकडे अडतो. आबांना हे खपत नाही. एकदा प्रोग्राम लिहिणारा आमचा गणेश म्हणाला, "आबा, माज्याकडं चालतंय की!"

"चालतंय न्हवं? मग डबा बांधून घे. सणसरच्या रानात यंत्राच्या जागी आता तूच ऱ्हायचं."

सगळे हसले. मग आबांनीच त्याच्याजवळ बसून राहिलेली नावे शोधून दिली.

मागच्या वर्षी सुहास वारला. त्यानंतर शेतांवर बसवायची नवी यंत्रे आली, पण त्यांच्यासाठी प्रोग्राम तयार होईना. सुहासची एक फाईल फक्त त्याच्या लॅपटॉपवर होती आणि मेकफाईलमध्ये तिचे नाव लिहायचे त्याच्याकडून राहिले होते. लॅपटॉप आमच्या कपाटात होता. मला तो उघडवत नव्हता. सुहासचे काम काढून टाकून सगळे नव्याने लिहावे, असे काहींचे म्हणणे पडले. आबांनी नकार दिला. माझ्याकडे त्यांनी लॅपटॉपही मागितला नाही.

एक दिवस गणेशच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम अडला. पडद्यावर आबांनी मेकफाईलमध्ये घातलेला मजकूर दिसला: "सुहासची फाईल मिळाली नाही. ती सुनंदाताईंकडे आहे. त्यांना सवड होईल तेव्हा देतील. घाई करू नये."

मी तो दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन गेले. आबांनी त्याला हात लावला नाही.

"तुमीच उघडा, ताई. मी हितं बसतो."

फाईल मिळाली आणि दुपारपर्यंत प्रोग्राम तयार झाला. सुहासचे काम सणसरच्या शेतांवर आजही चालू आहे.

आता मेकफाईलमध्ये प्रत्येक फाईलपुढे, ती सापडली नाही तर कोणाला विचारायचे, ते लिहिलेले असते. सर्वांत जास्त ठिकाणी "आबांना विचारा" असे आहे. साठी झाल्यापासून आबा म्हणतात, "माजं नाव काडा की आता." अजून कोणी काढलेले नाही. त्यांची प्रकृती उत्तम राहो आणि त्या ओळी बदलण्याची वेळ आमच्यावर पुष्कळ वर्षे न येवो, एवढेच माझे मागणे आहे.