किसांगची परात आणि तिसऱ्या दिवसाचं पाणी

किसांगला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेच्या ओट्यावरून. समोरच्या मोकळ्या जागेत विद्यापीठाने ठेवलेली भली मोठी पत्र्याची परात, परातीत पाणी, आणि पाण्यात तोंड घातलेली एक शेळी. किसांग तिला समजावत होता, "पी बाई, पण थोडं उन्हालाही राहू दे."

परात उन्हासाठीच होती. केरिओ नदीच्या आमच्या दरीतली शेतं आणि वर डोंगरमाथ्यावरची शेतं एकाच पाटावर जगतात. एक दिवस पाणी खाली, एक दिवस वर, मग पाटाचा तिसरा दिवस कोणाचा, यावरून भांडण पेटलं, तेव्हा पंचांनी ठरवलं की ऊन-वारा कोणाच्या शेतातून जास्त पाणी ओढतो ते मोजून पाहू. त्यासाठी विद्यापीठातून जेरोनो आली. तिच्याकडे तीन रीती होत्या. परातीतलं पाणी रोज किती उतरतं ते बघायचं. नाहीतर नुसत्या तापमानावरून गणित मांडायचं. नाहीतर तापमानासोबत वारा, ऊन, हवेतला ओलावा सगळंच धरायचं. खालची परात किसांगने सांभाळायची, वरची त्याच्या बायकोच्या भावाने, यानोने. तिसरा दिवस गेला तर आमची ज्वारी दाणा धरण्याआधीच करपणार, हे पोरासोरांनाही कळत होतं.

आमच्याकडे पाण्यापाशी आलेल्या तहानलेल्याला हाकलत नाहीत, मग तो माणूस असो की शेळी. किसांग ही रीत जरा जास्तच मनापासून पाळत होता. दरीचा आकडा फुगत चालला. म्हातारे खूश, "बघा, आमचं ऊन!"

बाजाराच्या दिवशी यानो खाली उतरला. वाळवलेल्या भोपळ्याच्या भांड्यातलं आंबट दूध पिता पिता म्हणाला, "काय दाजी, तुमच्या उन्हाला दाढी फुटलीय म्हणे?"

"तुमच्याकडे ऊन येतंच कुठे, मेव्हणे? धुकं पांघरून झोपता दुपारपर्यंत."

सगळे हसले. जेरोनो मात्र उठून परातीपाशी गेली आणि चिमटीत पांढरे केस घेऊन आली.

"काका, हे काय?"

"पाहुणे येऊन गेले, पोरी."

"किती पाहुणे?"

"पाहुणे मोजायची पद्धत नाही आमच्यात."

"मग ही परात बाद. आणि नुसत्या तापमानाच्या गणिताने दरीला तिसरा दिवस मिळत नाही."

किसांगचा चेहरा पडलेला मी तेव्हाच पाहिला. "शेळ्यांची शिक्षा ज्वारीला नको गं," तो म्हणाला.

जेरोनो विरघळली असावी. एक हंगाम वारा मोजून तिसऱ्या रीतीने गणित करते, तोवर निकाल नाही, असं तिने पंचांना सांगितलं. किसांगने परातीभोवती काटेरी कुंपण घातलं आणि शेळ्यांसाठी शेजारी पाण्याची लाकडी डोण ठेवली. ती तो स्वतः भरायचा. रीतही राहिली, परातही.

हंगाम संपला. वरची हवा शांत, ओलसर. तिथे तापमानाचं साधं गणित सगळं धरून केलेल्या गणिताशी जवळजवळ जुळलं. खाली मात्र दुपारच्या कोरड्या वाऱ्याने त्याचे तीनतेरा वाजवले. खरा आकडा त्याच्यापेक्षा बराच वर निघाला, शेळ्यांच्या आकड्यापेक्षा बराच खाली. तिसरा दिवस दरीला मिळाला.

"जिंकलात दाजी, तेही शेळ्यांशिवाय," यानो म्हणाला.

"त्या असत्या तर चौथाही मागितला असता."

किसांग आता थकलाय. तिसऱ्या दिवशी आमच्या बाजूचं पाटाचं तोंड अजून तोच उघडतो, आणि पाणी ज्वारीत शिरलं की बांधावर बसून जेवतो.