गॅस बारीक करा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा ही एक गोष्ट वगळूनच बोलते — जणू देवाला ती ठाऊकच नाही. सात वर्षं झाली.

आधी एक लहान खोटं सांगते, कारण मोठं त्यातूनच निघालं. न्यूझीलंडला, ऑकलंडला आले तेव्हा इथल्या मराठी बायकांनी विचारलं, शिक्षण किती? कुणी इंजिनिअर, कुणी कॉम्प्युटरवाली, सगळ्या पुण्या-मुंबईच्या. मी म्हटलं, बारावी सायन्स. खरं तर मी आठवीत शाळा सोडली आणि तळेगावजवळ ग्रीनहाउसमध्ये गुलाब तोडायला लागले. नुसती बारावी पुरली असती. सायन्स कशाला जोडलं? घाबरलेलं माणूस खोटंही जरा जास्तच बोलतं.

त्याच बायकांनी मला काम दिलं, हे मी विसरलेले नाही. बॉटनी डाउन्सच्या हॉलमध्ये दर बुधवारी म्हातारी माणसं जमायची — मुलांकडे सहा-सहा महिने राहायला आलेले आईवडील. त्यांचा चहा-नाश्ता माझ्याकडे. ओटाहुहुच्या आमच्या घरून दोन बस बदलून मी जायची. दुकानातलं, बसमधलं इंग्रजी मला पटापट यायचं — हीप्स, स्वीट ॲज, इथली सगळी बोली. संशय कुणाला येणार?

२०१२ च्या जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, कौन्सिलची — इथल्या नगरपालिकेची — एक बाई हॉलवर आली. किआ ओरा म्हणत इथला नमस्कार केला, स्वतःच्या हातांनी खुर्च्या मांडल्या, भिंतीवर त्या भागाचा मोठा नकाशा लावला, आणि लोक जिथे काही मागतील तिथे लावायला रंगीत चिकट ठिपक्यांचं पाकीट काढलं. मी किटली हातात धरून बघतच राहिले. आमच्याकडे नगरपालिकेचा माणूस दारात आला तर नळ तोडायलाच यायचा. ही विचारायला आली होती. शहराची हवा सुधारायची तर काय करावं — आणि कुणाला विचारत होती? स्वेटरवर शाल गुंडाळून बसलेल्या, मत द्यायचा हक्कही नसलेल्या पाहुण्यांना. एवढ्या मोठ्या शहराचा कारभार असा खुर्च्या मांडून चालतो, हे मला माहीतच नव्हतं.

समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं. म्हाताऱ्यांमधले जोशीकाका म्हणाले, "आपली सुमन आहे ना. सायन्सवाली."

बाई म्हणाली, ग्रीनहाउस गॅस कमी करायचे आहेत. ग्रीनहाउस मला माहीत. गॅसही माहीत. दोन्ही शब्द ओळखीचे — मग अडणार कुठे? मी वळून सांगितलं, "सरकार म्हणतंय, घरातला गॅस बारीक करा. हवा बिघडते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बाईने विचारलं — आज मला तो प्रश्न नीट कळतो — तुम्हाला सोपं जावं म्हणून आम्ही काय करू? मी त्याचं केलं, "तुम्ही काय सोडाल?"

"चहा सोडून काहीही," जोशीकाका म्हणाले. हशा झाला. निर्मलाकाकू हसल्या नाहीत. बहात्तर वर्षांच्या, मुलाकडे सहा महिने आलेल्या. त्यांनी खरंच विचार केला.

"मी मुलाची गाडी सोडीन बघ," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीच्या तोंडाशी बस द्या म्हणावं. इथं सोडायला तो दर बुधवारी ऑफिस टाकून येतो, एवढं मोठं धूड घेऊन."

बाईने बोटाच्या टोकावर हिरवा ठिपका घेतला होता. माझ्याकडे बघत होती.

आणि मी घाबरले. ज्यांनी राहू दिलं त्यांच्याकडेच बस मागायची? शिवाय विषय गॅसचा. मी बाईला म्हटलं, शी इज व्हेरी हॅपी, शी सेज थँक यू. बाईने ठिपका परत पाकिटातल्या कागदावर चिकटवला. काकूंना म्हटलं, "तसं नाही काकू, गॅसचं बोला."

"मग आंघोळीचं गरम पाणी सोडते," काकू म्हणाल्या.

इथवर चूक होती. अडाण्याची चूक — ती कुणीही पोटात घातली असती.

दोन आठवड्यांनी कौन्सिलकडून माझ्या घरी हिंदी पत्रकांचा गठ्ठा आला. वाटायचा मीच. बसमध्ये एक वाचलं. चित्रात गाड्यांचा धूर होता, कचऱ्याचा डोंगर होता आणि मधोमध बस होती. खाली लिहिलेलं — तुमच्या गल्लीत बस हवी असेल तर महिनाअखेरपर्यंत कळवा. फोन नंबरसुद्धा होता. ओटाहुहु ते बॉटनी एवढ्या वेळात मला सगळं कळलं. काकूंनी एका वाक्यात जे बरोबर सांगितलं होतं, ते मी गिळलं होतं.

एक फोन. पण पत्रकं वाचून सगळे विचारतील, तू आम्हाला काय सांगितलंस? मग आठवी निघेल, गुलाब निघतील, काम जाईल. मी तो सगळा गठ्ठा हॉलमागच्या रिसायकलिंगच्या डब्यात टाकला. वरून वर्तमानपत्रं पसरली.

जुलैत काकू खोकत यायच्या. त्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या, "आईंनी काय खूळ घेतलंय, थंड पाण्याने आंघोळ करतात. कौन्सिलला शब्द दिलाय म्हणे." मी उपमा वाढत होते. म्हटलं, "हट्टी आहेत." वाढत राहिले.

सहा महिने संपून भारतात परत जाताना काकूंनी माझा हात धरला. त्यांची बोटं गार होती. "उभ्या जन्मात सरकारने मला पहिल्यांदा काही विचारलं," म्हणाल्या, "तुझ्यामुळे कळलं."

पुढे लायब्ररीत तो नकाशा परत लागला, ठिपक्यांनी भरलेला. हळूहळू त्या ठिपक्यांचे थांबे झाले, बाकं आली, नवी बस सुरू झाली. माणसांनी बोट ठेवलं तिथं बस येऊन उभी राहते — याहून मोठा चमत्कार मी पाहिलेला नाही. काकूंच्या गल्लीवर एकही ठिपका नव्हता.

त्याच बसने मी आता हॉलवर जाते. काकू यंदा पुन्हा आल्यात. बस त्यांच्या गल्लीच्या अलीकडेच वळते, आणि बहुतेक बुधवारी त्या कोपऱ्यावर त्यांच्या मुलाची गाडी बस जाऊ द्यायला थांबलेली असते. काकू आतून हात करतात.

मीही करते.