लाल खुणेची घरं

मी आज परक्या देशात नोकरी करतो, चार ओळी नीट लिहू शकतो, ते वानखेडे बाईंमुळे. वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं. स्कॉलरशिपचे फॉर्म स्वतः भरले. माझ्याआधी आमच्या घरात कोणी दहावी पास नव्हतं.

पुढची गोष्ट मी आधी त्यांनाच कळवली.

दोन हजार पाचचा ऑक्टोबर. न्यू जर्सीत, ओक ट्री रोडच्या देशी बाजारापासून दहा मिनिटांवरचं गाव. रविवारी दुपारी शरददादांच्या बेसमेंटमध्ये आम्ही आठ जण पोहे खात बसलो होतो. दादा आमच्या कंपनीचे मालक, आणि त्या वर्षी गावाच्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभे. माझा व्हिसा त्यांच्या कंपनीचा. ग्रीन कार्डचा अर्जही त्यांच्याच सहीने गेलेला. दोन्ही त्यांनी मागे घेतले की माझा इथला मुक्काम संपला. हे कोणी बोलून दाखवत नसे, पण प्रचाराला कोणी दांडी मारत नसे. आम्हाला मत नव्हतं. पाय होते.

दादांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे काका म्हणायचे, मतदारयादीतली मराठी आडनावं वेगळी काढत होते. काही नावांपुढे हिरवी खूण, काहींपुढे लाल.

"लाल म्हणजे अपोझिशनचे का, काका?" मी विचारलं.

"छे रे. हिरवे आपल्यातले. तिथे शरद स्वतः जाईल, चहा घेईल. लाल म्हणजे रिझर्वेशनवाले. तिथे दाराला कागद अडकवायचा आणि पुढे जायचं. बेल वाजवू नका, नाहीतर आत बोलावतात. मग बसा त्यांच्याकडचं खात."

माझा रूममेट म्हणाला, "यार काका, तुम्ही तर चालतंबोलतं सॉफ्टवेअर आहात."

सगळे हसले. मीही हसलो. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

माझं आडनाव तीन-चार जातींत सापडतं. पहिल्याच गणपतीला दादांनी "वऱ्हाडातले देशस्थ ना तुम्ही?" असं विचारून आरतीचं ताट माझ्या हातात दिलं होतं. मी ताट घेतलं. नाही म्हणालो नाही. दोन वर्षं म्हणालो नाही.

काकांचं पेन एका नावावर थांबलं. "हे बघ, तुझ्याच आडनावाचे निघाले. हे आडनाव दोन्हीकडे असतं. तू फोन करून गाव विचार, आणि सांग आपले की ते."

म्हणजे खूण मी करायची.

"काका, ते कोण आहेत मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी लाल आहे."

काकांनी पेनाचं टोपण लावलं. मग दादाच बोलले. "अरे, आधी सांगायचं ना. वाटत नाहीस तू तसा." पुढे म्हणाले, "पण मग उत्तमच झालं. लाल घरं तू घे. तू बेल वाजव. तुझं ऐकतील."

मी ती घरं घेतली.

हो, घेतली. दादांनी मला अमेरिका दाखवली, असं मी मानत होतो. पुढचे दोन शनिवार मी बेल वाजवत फिरलो. लोकांनी दार उघडलं, आपलं पोरगं म्हणून घरात घेतलं, खाऊ घातलं. "तू सांगतोस ना, मग देऊ मत," म्हणाले. मला त्याचा अभिमानही वाटला.

तिसऱ्या शनिवारी मेश्रामताईंचं घर आलं. हॉस्पिटलात नर्स, मूळच्या नागपूरच्या, वीस वर्षं त्याच गल्लीत.

"तुमचे साहेब नाही आले?"

"त्यांची मीटिंग आहे, ताई."

त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. समोरच्या घरापुढे दादांची गाडी उभी होती. काचेवर दादांचाच फोटो.

"समोर आहे काय मीटिंग?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "काऊन खोटं बोलतोस रे बाप्पा?"

मी खिशातली यादी काढून त्यांच्या हातात दिली आणि खुणांचा अर्थ सांगितला. त्यांनी चष्मा लावून स्वतःचं नाव शोधलं.

"आणि हे घेऊन तू फिरतोस."

"हो."

त्यांनी यादी परत दिली. आत ये म्हणाल्या नाहीत.

मी रस्ता ओलांडला आणि समोरची बेल वाजवली. दादा हातात कप घेऊन दारात आले. मी म्हणालो, "ज्यांच्याकडे मी मत मागितलं, त्या सगळ्यांना ही यादी दाखवणार आहे."

दादांनी बाहेर येऊन मागे दार ओढून घेतलं. "तुझा अर्ज कोणाच्या सहीवर आहे, लक्षात आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

निवडणुकीनंतर बाईंना मी हे पत्र पाठवलं.

आदरणीय बाई,

सविनय जयभीम.

साहेब मला घरच्यासारखं वागवतात, असं मी दोन वर्षं तुम्हाला लिहीत आलो. मी कोण ते लपवलं होतं, म्हणून वागवत होते. हे मी तुम्हालाही कळू दिलं नाही.

साहेब निवडून आले. माझी नोकरी गेली, अर्जही त्यांनी मागे घेतला. दुसऱ्या कंपनीने लवकर घेतलं नाही तर मला परत यावं लागेल. आईला मीच सांगेन.

साहेबांसाठी मी मतं मागितली त्या सगळ्या घरी, जातीच्या खुणा केलेली त्यांची यादी घेऊन मी पुन्हा गेलो. बहुतेकांनी यादी वाचली. एका घरी आतून मुलगी ओरडली, "हू इज इट, डॅड?" वडील हळूच म्हणाले, "मुलांना आम्ही काही सांगितलेलं नाही. पुन्हा येऊ नका." त्यांनी दार लावलं. मी त्यांना दोष देणार नाही. पण त्यांच्यासारखा जगणारही नाही.

उद्या आयसेलिनला एक इंटरव्ह्यू आहे. मालक मराठी आहेत. ते गाव विचारतील. मी गाव सांगेन, आणि त्याच दमात जात सांगेन. मग त्यांना काय करायचं ते करू देत.

तुमचा विद्यार्थी